‘बहिष्कार’ : एका शब्दाचा दिशापालट

इ. स. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावण्यात आले व तेथे त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी तो चहा घेतला, कोणी नुसताच पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून प्रसिद्ध करविली आणि जे ग्रामण्य माजले ते शंकराचार्यांनी नेमलेल्या मंडळापर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तर लोकमान्य टिळकांच्या घरी धर्मकार्याला उपाध्याय मिळण्याची पंचाईत झाली. ‘बहिष्कार’ या शब्दाचा त्या काळच्या मराठीतील अर्थ समजून घेण्यास हे एक प्रकरण पुरेसे आहे.

‘बहिस्’ म्हणजे बाहेर, आणि त्यास ‘कार’ जोडून झालेला हा संस्कृत शब्द मराठीत प्रामुख्याने ज्ञातीच्या व धर्माच्या शासनाचा वाचक होता. ज्याच्यावर बहिष्कार पडे त्याच्याशी रोटीबेटीचा व्यवहार थांबे. न्हावी, धोबी, भटजी त्याच्या दारी येत नसत. प्रेताला खांदा मिळण्याचीही शाश्वती राहत नसे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. या अर्थाने बहिष्कार सदैव माणसावरच पडे, वस्तूवर किंवा प्रसंगावर नव्हे. आणि बाहेर जाणारा तो माणूसच असे, बहिष्कार घालणारा समुदाय आपल्या जागी स्थिर राही. शब्दाची दिशा वरून खाली, म्हणजे बहुतांकडून एकाकडे, अशी होती.

ही दिशा पालटण्यास निमित्त झाले ते दूरच्या आयर्लंडमधील एका व्यवस्थापकाचे आडनाव. मेयो परगण्यात लॉर्ड अर्न याच्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी कुळांनी १८८० च्या शरद ऋतूत सर्व संबंध तोडले. शेतावर मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. पाहता पाहता त्याचे आडनाव इंग्रजीत क्रियापद झाले आणि थोड्याच काळात फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांत जाऊन बसले. तेथेही बळी माणूसच होता हे खरे. परंतु शस्त्र मात्र दुर्बळांच्या हाती आले होते.

१९०५ मध्ये वंगभंगाच्या निषेधार्थ कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये ७ ऑगस्ट रोजी विलायती मालाच्या त्यागाचा ठराव झाला. बंगालीत मूळ इंग्रजी शब्दच उच्चारभेदाने रूढ झाला. मराठीस मात्र नवा शब्द घडविण्याची किंवा उसना घेण्याची गरज भासली नाही. घरचा ‘बहिष्कार’ तयार होता. टिळक पक्षाने तो उचलला आणि १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री महाराष्ट्रात घरोघर पोचली. चहाच्या एका पेल्यापायी ज्यांना जातिबहिष्काराची झळ लागली होती, त्यांच्याच हाती तो शब्द पंधरा वर्षांनी निशाणासारखा फडकू लागला. विटाळाची जुनी भावना विलायती साखरेला व कापडाला येऊन चिकटली, हेच या शब्दाच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराचे रहस्य असावे.

या निवडीतील धोका त्या काळी कोणाच्याच ध्यानात आला नाही असे मात्र नाही. नामदार गोखले यांनी १९०५ च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात स्वदेशीचे मनःपूर्वक समर्थन केले. परंतु ‘बॉयकॉट’ या शब्दाला त्याच्या जन्मापासूनच दुसऱ्याचे अहित करण्याच्या इच्छेचा वास चिकटलेला आहे, म्हणून तो जपून वापरावा असा इशाराही दिला. मवाळांचा अतिसावधपणा म्हणून ही सूचना बाजूस पडली. वस्तुतः ती अर्थविचाराच्या दृष्टीने अचूक होती. बंगालमध्ये विलायती माल विकणाऱ्या दुकानदारांचे न्हावी-धोबी तोडण्यात आले, तेव्हा नव्या शब्दाच्या पोटातून जुना अर्थच बाहेर आला होता.

महाराष्ट्रात तर जुना अर्थ कधी मावळलाच नव्हता. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या १९०६ च्या संस्थेने ‘निराश्रित’ हा शब्द पत्करला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापिली आणि महाडच्या सत्याग्रहानंतर लगोलग, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. ‘निराश्रित’ म्हटल्याने दया उत्पन्न होते. ‘बहिष्कृत’ म्हटले की ‘कोणी केले?’ हा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो. भूतकालवाचक धातुसाधितात कर्ता लपलेला असतो, आणि त्या लपलेल्या कर्त्याला पुढे ओढण्याचे सामर्थ्य या एका विशेषणात होते. १९३० मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर विलायती कापडावरील बहिष्काराच्या घोषणा दुमदुमत असताना आंबेडकर व रावबहादुर श्रीनिवासन् यांनी गोलमेज परिषदेपुढे जी मागणी मांडली तीत अस्पृश्यांवरील बहिष्कार हा दंडनीय अपराध ठरवावा असे कलम होते, व त्याचा मसुदा ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावर बेतलेला होता. एकाच वर्षी एकाच शब्दाने एका बाजूस देशभक्तीचे कर्तव्य आणि दुसऱ्या बाजूस गुन्हा सांगितला जावा, हे उदाहरण शब्दार्थाच्या इतिहासात विरळाच म्हटले पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर काळात पहिला अर्थ वाढत वाढत पातळ झाला. मतदानावर बहिष्कार, उत्तरपत्रिकांच्या तपासणीवर बहिष्कार, समारंभावर बहिष्कार, एखाद्या चित्रपटावर बहिष्कार, अशी कर्मांची यादी लांबत गेली. माणसावरून वस्तूवर, वस्तूवरून संस्थेवर आणि संस्थेवरून प्रसंगावर असा हा प्रवास आहे. शेवटच्या टप्प्यात तर दिशा संपूर्ण उलटली. ज्यावर बहिष्कार घातला तो समारंभ यथास्थित पार पडतो, आणि बाहेर राहतो तो बहिष्कार घालणारा. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येस मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर विरोधी पक्षांनी बहिष्कार घालणे हा आता जवळपास संकेतच झाला आहे; त्या बातमीने कोणाचीही झोप उडत नाही. पंचहौद मिशनमधील चहा आठवणाऱ्याला मात्र क्षणभर हसू आल्यावाचून राहणार नाही.

या पातळपणाची किंमत कोणी दिली, हे कायद्याच्या भाषेत दिसते. १९४९ चा मुंबई राज्याचा जातिबहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरविला. पुढे अर्धशतकाने, रायगड जिल्ह्यातील गावकीच्या निवाड्यांची व जातपंचायतींची प्रकरणे वृत्तपत्रांतून गाजल्यावर, महाराष्ट्राने २०१६ मध्ये नवा अधिनियम संमत केला व तो २०१७ मध्ये अमलात आला. त्यात अपराध्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. या अधिनियमाच्या नावात नुसता ‘बहिष्कार’ नाही, ‘सामाजिक बहिष्कार’ आहे. जो शब्द १८९० मध्ये दुसरे काही सांगतच नव्हता, त्याला आपला मूळ अर्थ सांगण्यासाठी विशेषणाचा आधार घ्यावा लागला. ज्यांच्यावर ही वेळ येते ती कोकणातील माणसे आपली तक्रार सांगताना ‘आमच्यावर बहिष्कार टाकला’ असे सहसा म्हणत नाहीत. ‘आम्हांला वाळीत टाकले’ असेच म्हणतात.