बाबांची बुलेट, पॉईंट आणि माझी पत्र्याची डबी

आमच्या टिळकवाडीतल्या घराच्या पडवीत 1974 सालापासून एक बुलेट उभी आहे. साडेतीनशे सीसी, सहा व्होल्टची बॅटरी, काळा रंग. बाबा शाळेत गणित शिकवायचे. त्या काळात मास्तरानं बुलेट घेणं म्हणजे गल्लीत चर्चेचा विषय. त्यांचं म्हणणं एवढंच, की धाकटी बहीण सावंतवाडीला दिलीये आणि आंबोलीचा घाट चढायला ताकदीची गाडी पाहिजे.

ही गाडी मुळात इंग्रजांच्या रेडिचची. सैन्यानं सीमेवरच्या गस्तीसाठी 350 सीसीच्या 800 गाड्या मागवल्या आणि 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडात ती कंपनी पुढं बंद पडली, पण मद्रासला तीच गाडी फारसा बदल न होता निघत राहिली. म्हणजे बाबांनी 1974 मध्ये नवी कोरी गाडी आणली खरी, पण तिच्या पोटातली अक्कल पन्नासच्या दशकातली होती. आणि ठिणगी पाडायची रीत तर त्याहून जुनी. बॅटरी, कॉईल आणि पॉईंट ही जोडी अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बसवली आणि 1910 च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीत ती आली. पुढची सत्तर वर्षं जगभरच्या बहुतेक मोटारी त्याच रीतीवर चालल्या.

ज्यांनी कधी पॉईंट बघितले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॉईंट म्हणजे एक लहानसं स्विच. ते मिटलेलं असताना कॉईलमधून तीन-चार अँपिअर करंट जातो. इंजिन फिरतं तसा कॅम पॉईंट उघडतो, करंट तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्यानं कॉईलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. पॉईंट उघडताना तिथंच ठिणगी उडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो, करंगळीएवढा. त्याची किंमत तेव्हा एका मिसळीएवढी. पण तो गेला की गाडी गेली.

आमचे रविवार या पॉईंटभोवती जायचे. सकाळी चहा झाला की बाबा पडवीत पाट टाकून बसायचे. टोपण काढायचं, पॉईंटला पॉलिश पेपर मारायचा, फिलर गेजनं गॅप बघायचा. पंधरा थाऊ. मग अॅमीटरकडं डोळा. चावी चालू करून किक हातानं हळूहळू दाबायची. पॉईंट मिटलेले असले की काटा डावीकडं कलतो, उघडले की मधे येतो. काटा मधे आला की डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढं सरकवायचा आणि मग खरी किक. हे सगळं मी आठव्या वर्षीच पाठ केलं होतं. पाढे नंतर.

टायमिंग मात्र बाबा स्वतः लावत नसत. त्यासाठी शहापूरचे मिस्त्री. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामांकडं डायल गेज वगैरे काही नव्हतं. प्लगच्या भोकातून सायकलची आरी पिस्टनवर टेकवायची, पिस्टन वर आला की आरीवर खूण करायची, आणि त्या खुणेच्या पाव सूत अलीकडं पॉईंट उघडला पाहिजे. पॉईंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा. तो सुटला, की तोच क्षण. मी पुढं कंपनीचं पुस्तक मिळवून बघितलं. त्यात लिहिलेलं, इंचाचा बत्तिसावा भाग. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचा पाव म्हणजे बरोबर बत्तिसावा. मामांनी पुस्तक बघितलं नव्हतं, त्यांना इंग्रजी वाचताही येत नव्हतं.

आता 1985 चा जुलै.

सावंतवाडीहून शेजाऱ्यांचा फोन आला, आत्याचं काही खरं नाही, लगेच या. दुपारी मी आणि बाबा निघालो. शिनोळीपासून पाऊस लागला तो आंबोलीपर्यंत वाढतच गेला. घाट उतरायला लागलो आणि एका वळणावर गाडी भकभक करून बंद. कड्यावरून पाणी रस्त्यावर येतंय, धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. बाबांनी सदऱ्याचा आडोसा करून टोपण काढलं. किक मारली की पॉईंटवर मोठी थोरली ठिणगी, आणि प्लगवर काही नाही. बाबा म्हणाले, "कंडेन्सर गेला." त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत जादा पॉईंट होते, जादा प्लग होता, पेट्रोलच्या नळीचा तुकडासुद्धा होता. कंडेन्सर नव्हता.

उताराची गाडी, ढकलत नेता आली असती, पण पुढं दाणोलीपासून सावंतवाडीपर्यंत काय? पाऊण तासानं एसटी आली. बाबा चढले, मी गाडीपाशी थांबलो. ते पोचले तेव्हा आत्याला जाऊन अर्धा तास झाला होता. ती शेवटपर्यंत "दादा आला का" विचारत होती, असं तिच्या सुनेनं त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

बाबा यावर कधी बोलले नाहीत. फक्त पुढच्या रविवारपासून पॉईंट साफ करण्याचं काम अर्ध्या तासाचं दीड तास झालं. पिशवीत तीन कंडेन्सर आले. मेणकापडात गुंडाळून.

गंमत बघा, त्याच 1985 सालात आपल्याकडं हिरो होंडाची सीडी हंड्रेड आणि यामाहाची आरएक्स हंड्रेड आली. दोन्हीत पॉईंटच नाहीत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सीडीआय. चुंबक फिरतं, कॉईलला इशारा मिळतो, डबी ठिणगी पाडते. झिजायला काही नाही. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा नुकताच झालेला, खडेबाजारात एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. मी बाबांना म्हटलं, आपल्याही गाडीला असं करता येईल.

बाबा म्हणाले, "पॉईंट घाटात उघडून बघता येतात. तुझी डबी घाटात गेली तर काय करायचं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगतो, आजही मला तो प्रश्न बरोबर वाटतो. मी वर्षभर त्याच्यावरच विचार करत होतो. सीडीआयचा सगळा सरंजाम, म्हणजे रोटर, पिकअप, वेगळी कॉईल, हे बुलेटला तेव्हा मिळत नव्हतं आणि मिळालं असतं तरी माझ्या पगारात बसलं नसतं. मग दुसरी वाट सापडली. पॉईंट काढायचेच नाहीत. फक्त त्यांच्यावरचं ओझं काढायचं. पॉईंटमधून जेमतेम अर्धा अँपिअर जाईल, तेवढ्या इशाऱ्यावर ट्रान्झिस्टर चालेल, आणि कॉईलचा तीन-चार अँपिअरचा करंट ट्रान्झिस्टर तोडेल. पॉईंट जळायचं कारण संपलं. कंडेन्सरची गरजही संपली. आणि डबी गेली, तर दोन वायरींच्या टोप्या अदलाबदल केल्या की गाडी परत जुन्या रीतीवर. म्हणून कंडेन्सर काढून टाकायचा नाही, जागेवरच ठेवायचा, नुसता वायरीतून सुटा.

पहिली डबी तिसऱ्या किकला मेली. दुकानात अँप्लिफायरसाठी पडलेला 2एन3055 मी वापरला होता. तो साठ व्होल्टचा. कॉईल तुटताना पहिल्या वेटोळ्यातच दोन-तीनशे व्होल्टचा झटका उलटा येतो, हे मी डिप्लोमात शिकलो होतो आणि विसरलो होतो. मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "काय करालैस रे हे? गाडीत रेडिओ बसवालैस व्हय?"

दुसऱ्या खेपेला जास्त व्होल्ट सोसणारा ट्रान्झिस्टर मुंबईहून मागवला. सगळ्या खर्चातला मोठा खर्च तेवढाच. बाकी एक लहान ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, आणि उष्णता खेचायला जुन्या अॅल्युमिनियमच्या चौकटीचा तुकडा. सगळं पत्र्याच्या डबीत, वरून मेण ओतून, हत्यारांच्या पेटीत. बॅटरीचं कुठलं टोक चासीला आहे ते आधी तपासलं, कारण ते उलटं धरलं तर डबी चालू करायच्या आधीच संपते.

आणि एक कबूल करतो. डबी बसवायच्या आधी मी इंजिनापासून बॅटरीपर्यंतची अर्थची वायर काढून घासली, नवी टोकं लावली, प्लगची वायर आणि टोपी बदलली. गाडी निम्मी तिथंच सुधारली. कुणाच्या घरी जुनी गाडी असेल आणि मुलगा नवीन इग्निशनचा हट्ट धरत असेल, तर त्याला आधी अर्थ घासायला सांगा. फुकटात होतं.

1987 च्या जुलैत आत्याच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला आम्ही त्याच गाडीवरून गेलो. आंबोलीत तसाच पाऊस. त्या वळणावर बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. मला वाटलं काही बिघडलं. ते उतरले, दोन मिनिटं दरीकडं बघत उभे राहिले, परत आले. अॅमीटरकडं बघून किक मारली. पहिल्या किकला चालू.

रविवारचं पॉईंट उघडणं काही थांबलं नाही. ते बरोबरच होतं, कारण डबीमुळं पॉईंट जळत नसले तरी कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजतेच. ती झिजली की गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडते. तिला ग्रीसचं बोट लागतं. अॅडव्हान्सच्या स्प्रिंगा सैल पडतात, त्यालाही डबी काही करत नाही. पण काम परत अर्ध्या तासावर आलं. मामांनी वर्षभर वाट बघितली आणि मग एके संध्याकाळी दुकानात आले. स्वतःच्या गाडीसाठी एक डबी पाहिजे म्हणाले. पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. मग त्यांनी आमच्या गाडीचं टायमिंग पुढं कधीच पैसे घेऊन लावलं नाही. टायमिंग तेच, पाव सूत, आरी आणि सिगारेटचा कागद.

2001 च्या सुमारास इलेक्ट्रा आली तेव्हा खुद्द कंपनीनंच बुलेटला सीडीआय दिलं. साधी बुलेट त्यानंतरही काही वर्षं पॉईंटवरच निघत होती. आता तर बाजारात जुन्या गाडीचे पॉईंट काढून बसवायचे तयार संच मिळतात. माझा मुलगा पुण्याहून येतो तेव्हा मोबाईलवर दाखवतो. मी बघतो, चांगले आहेत म्हणतो.

बाबा 2009 मध्ये गेले. पिशवीतले तीन कंडेन्सर अजून मेणकापडात आहेत, एकदाही लागले नाहीत. डबीतला ट्रान्झिस्टर तोच, मुंबईहून आलेला. सध्या अडचण वेगळीच आहे. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट झिजून हलायला लागलाय, त्यामुळं गॅप एका फेरीत पंधरा थाऊ तर दुसऱ्या फेरीत अठरा. नवीन जे मिळतात त्यांचा माल मला पटत नाही. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडं कुणाच्या माळ्यावर सत्तरच्या दशकातला बुलेटचा डिस्ट्रिब्युटर पडून असेल तर कळवा, मी येऊन बघतो. शाफ्ट हलवून बघायला आरी लागत नाही, नुसतं बोट पुरतं.