आडनावात नांदणारे गाव

गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव घेण्याची आपल्या मुलखाची जुनी रीत आहे. तिची साक्ष साता समुद्रापलीकडेही मिळते.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्रायल समाज शेकडो वर्षे राहिला. धर्माने हे लोक यहुदी, भाषेने मराठी. तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर झाले. ‘बूट पॉलिश’ (१९५४) चित्रपटातील जॉनचाचा, म्हणजे नट डेव्हिड, यांचे आडनाव चेऊलकर. तेही चौल गावावरून आलेले.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले व पुढे या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. लोद, दिमोना, अश्दोद या शहरांत ती वसली. घर सुटले, शेजार सुटला, मुलाबाळांची बोली हिब्रू झाली. परंतु अनेकांच्या आडनावात गाव टिकून राहिले.

तात्पर्य, बाहेर गेलेला माणूस गावाला पारखा होत नाही. त्याच्या सहीत गावाचे नाव असते. त्या नावाची शोभा राखणे मात्र गावी राहिलेल्यांच्या हाती आहे.