वाशातला भुंगा

आमचं घराणं सुताराचं. राजापूर तालुक्यातल्या जुन्या घरांची छपरं उतरवायची, कुजलेले वासे काढायचे, नवे चढवायचे, हा माझा धंदा. त्यामुळे लाकडाचे वैरी माझ्या रोजच्या ओळखीचे. वाळवी, घुण, पावसाची गळती. आणि ज्याच्या नावाने सगळ्यांत जास्त बोंब होते तो भुंगा. खरं तर घर पाडण्यात त्याचा वाटा सगळ्यांत कमी. वरून धडधाकट दिसणारी, हात लावताच ढासळणारी तुळई मी पुष्कळदा उतरवली आहे, ती वाळवीची करणी. नुसत्या भुंग्याने पडलेलं छप्पर अजून पाहण्यात नाही. पण वाळवी मुकाट खाते. भुंगा घोंघावत तोंडासमोर येतो, वर सारवलेल्या ओटीवर भुसा सांडतो, म्हणून तो डोळ्यांवर येतो.

त्याचं काम एकदा नीट पाहावं. पडवीच्या वाशाच्या खालच्या अंगाला भोक असतं, गिरमिटाने पाडावं तसं वाटोळं, करंगळी सहज जाईल एवढं. थोडं सरळ वर गेलं की ते काटकोनात वळतं आणि लाकडाच्या रेषेरेषेने वीतभर जातं. असा एक आंब्याचा वासा मी उभा चिरला, तेव्हा आत ओळीने खोल्या निघाल्या. प्रत्येक खोलीत पराग आणि मध कालवून केलेला पिवळा गोळा, त्यावर किंचित वाकडं, चांगलं अर्ध्या इंचाचं पांढरं अंडं. दोन खोल्यांमधला पडदा भुशाचाच, ओला करून घट्ट बसवलेला. बांधकाम सगळं मादीचं. ती लाकूड खात नाही, नुसतं कोरते. आपल्या नाकासमोर हवेत थबकून धाक दाखवतो तो बहुधा नर. त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही.

हे आपल्याकडे फार जुनं ठाऊक आहे. शके 1212 मधल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, मोहाने खचलेल्या अर्जुनासाठी ज्ञानेश्वरांनी दृष्टांत घेतला तो कोरडं लाकूड भेदणाऱ्या आणि कोवळ्या कळीत मात्र अडकून पडणाऱ्या भ्रमराचा. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, 1742 साली, फ्रान्समध्ये रेओम्यूर या कीटक-अभ्यासकाने या भुंग्याचं घरटं उघडून आतल्या खोल्यांचं सविस्तर वर्णन छापलं. यात आपण फुशारकी मारावी असं मला वाटत नाही. आपण भोक पाहिलं, त्याने आत पाहिलं. कर्णाच्या मांडीचंही तेच. शांतिपर्वात मांडी पोखरणारा आठ पायांचा, अलर्क नावाचा किडा आहे. आपल्या कीर्तनांत तो भुंगा झाला. परशुरामाच्या या भूमीत ज्यांनी घरचा वासा पोखरला जाताना पाहिला होता, त्यांना मांडी पोखरायला दुसरं कोण सुचणार?

एवढा जुना शेजार, तरी भुंगा मारायचा म्हणून कुणी सुताराला बोलावल्याचं माझ्या आजोबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कारण त्या काळच्या घरांची रीतच वेगळी होती. घर गवताने शाकारलेलं असो की कुंभाराच्या नळ्यांचं, दरसाल पावसाआधी छप्पर उघडावंच लागे. वारा, माकडं, मांजरं यांनी नळे सरकलेले असत. वैशाखात ते चाळून, फुटके टाकून पुन्हा बसवायचे. त्या वेळी प्रत्येक वासा हाताखालून जाई. भोक दिसलं की खुंटी मारली, वासा फारच चाळण झाला असेल तर तो चुलीत. छपराला वापरत तेही रानातले सोट, नाहीतर बांबू. एक बदलला तर कुणाच्या खिशाला झळ लागत नसे.

1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी लाल कौलं गलबतांनी किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरू लागली. हे कौल खाचेत खाच अडकून बसतं, दरसाल चाळावं लागत नाही. मात्र त्याला सारख्या अंतरावर, करवतीने कापलेल्या सरळ रिपा लागतात. घर देखणं झालं, वर्षाची मेहनत वाचली, आणि वाशांवरून दरसाल फिरणारा हात थांबला. आता छप्पर उघडतं ते गळती लागल्यावर.

दुसरा पहारेकरी धूर. चुलीचा धूर माळ्यातून, कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा आणि वर्षानुवर्षं वाशांना काजळी धरायची. स्वयंपाकघरावरच्या जुन्या वाशांत मला भुंग्याची भोकं जवळजवळ कधीच सापडली नाहीत. ती असतात पडवीत, गोठ्यात, मांगरात. गॅस आला आणि आतले वासेही त्याला मोकळे झाले. धुराने आजीचे डोळे गेले, त्यामुळे धुराचे गोडवे मी गाणार नाही. पण छपराला तो मानवत होता हे खरं.

तिसरा उपाय तेल. पोर्तुगीजांनी काजू आणला तेव्हा त्याच्या टरफलातलं जहाल तेलही आलं, आणि किनाऱ्यावर ते होड्यांना नि लाकडाला लागू लागलं. आजोबा ते घरी काढत. बुडाला भोकं पाडलेल्या मडक्यात टरफलं भरायची, मडकं जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या भांड्यावर ठेवायचं, वरून गोवऱ्या पेटवायच्या. खाली थेंब थेंब काळं तेल जमे. हाताला लागलं तर कातडी सोलून निघे, म्हणून आधी खोबरेल चोपडून घ्यायचं आणि काठीला फडकं गुंडाळून वाशांवर फिरवायचं. तेल लावलेल्या लाकडाला भुंगा सहसा शिवत नाही. रंगवलेल्याच्याही तो वाटेला फारसा जात नाही. त्याला हवं उघडं, वाळकं, मऊ लाकूड.

आणि मऊ लाकूड रयतेच्या घरात असायचंच. 1715च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम घातले, त्यात रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असं बजावलं, कारण ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली. परड्यातली तीच झाडं म्हातारी झाली की घरात शिरत, फणस खांबाला आणि दाराला, आंबा फळ्यांना नि पडवीला. फणस टिकतो. आंबा भुंग्याला आवडतो.

बांबू मात्र अमावास्येला तोडून वहाळात भिजत घालायचा ही रीत भुंग्यासाठी नाही, लोक कितीही सांगोत. पाण्याने बांबूतलं पिठूळ सत्त्व निघून जातं, म्हणून घुण लागत नाही. भुंगा खायला येतच नाही, त्याला भिजवलेल्या-न भिजवलेल्याचं काय?

अलीकडे कामं येतात ती मुंबईकरांच्या बंद घरांची. एका वहिनींनी पडवीत पाऊल टाकताच फर्मावलं, “मिस्त्री, औषध मारून हे सगळे संपवा बघू.”

म्हटलं, “वहिनी, परड्यातली तूर यंदाही हवी ना? तिच्या फुलांवर कोण बसतं ते सकाळी बघा.”

त्यांनी पाहिलं की नाही कोण जाणे, पण औषध राहिलं. भरलेलं भोक बुजवण्यात अर्थही नसतो. आतली पिलं दुसरीकडून कोरून बाहेर पडतात. ती उडून गेल्यावर भोकात तार फिरवून खात्री केली, सागाच्या खुंट्या राळ लावून ठोकल्या, वाशांना तेलाचे दोन हात दिले. कुंपणातली गिरीपुष्पाची वाळकी खोडं गडी तोडायला निघाला होता, ती तेवढी ठेवायला सांगितली. मजुरी द्यायच्या वेळी वहिनींनी घासाघीस केली ती तेलाच्या भावावरून.