गारगाईच्या आधी

मुंबईच्या पाण्याची चर्चा निघाली की पूर्वपक्ष ठरलेला असतो: माणसे वाढली, मागणी वाढली, तेव्हा नवे धरण बांधा आणि पैसा आधी तिकडे वळवा. हा पक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शहराला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची मिळून साठवण सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर आणि रोजचा पुरवठा 3,900 दशलक्ष लिटरच्या आसपास. म्हणजे सातही तलाव काठोकाठ भरले तरी जेमतेम वर्ष निघते. पाऊस लांबला की कपात, जशी 2023 आणि 2024 मध्ये झाली. माधवराव चितळे यांच्या समितीने मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ ही धरणे सुचवली त्याला तीन दशके झाली.

भीती खरी आहे. उतारा मात्र तिला लागू पडत नाही. मध्य वैतरणा 2014 मध्ये पूर्ण झाले आणि रोजच्या 455 दशलक्ष लिटरची सोय झाली. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि 20 टक्के कपात करावी लागली. गारगाई ही वैतरणेचीच उपनदी. ज्या वर्षी वैतरणेचे खोरे कोरडे, त्या वर्षी गारगाई भरून कशी वाहील?

मुळात पाणी कमी आहे हे गृहीतकच तपासायला हवे. लोकसंख्या दीड कोटी धरली तरी आजचा पुरवठा माणशी 260 लिटर पडतो. उद्योग, हॉटेले, रुग्णालये वजा केली तरी आकडा लहान होत नाही. तरीही इमारतीतल्या माणसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्याला 45, हे माप पालिकेने स्वतःच ठरवले. ते कोणत्याही धरणाने बदलणार नाही.

आता गळतीचा हिशेब. मोजमापात न सापडणारे पाणी चौथ्या हिश्श्याहून अधिक आहे. चौथा हिस्साच धरला तरी ते रोजचे 975 दशलक्ष लिटर होतात आणि गारगाईतून मिळणार 440. इथे धरणविरोधकही एक घाई करतात: हे सगळे पाणी वाया जाते असे मानतात. त्यातले चोरीचे किंवा मीटरशिवायचे पाणी कुणीतरी पीतच असते, ते ‘वाचवता’ येत नाही. पण निम्मे जरी खरोखर जमिनीत मुरत असेल तरी एक गारगाई त्यातच आहे, तीही वाड्यातला जंगलपट्टा न बुडवता. उलट 440 दशलक्ष लिटर याच नळांत सोडले, तर त्यातलेही शंभरेक हिशेबाबाहेर जाणार.

‘दोन्ही कामे बरोबरीने करू’ हे उत्तर ऐकायला बरे वाटते. पण गळती शोधणे हे किचकट काम आहे. पाणी दोन-चार तास येते, तेवढ्याच वेळात दाब असतो, तेवढ्यातच कान लावून फुटका सांधा पकडायचा. उरलेल्या वेळी रिकामा नळ शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढतो. मोठ्या वाहिन्यांऐवजी खोल जलबोगदे झाले, ते चांगलेच झाले. पण गळती मुख्यतः गल्लीतल्या गंजलेल्या जोडण्यांत आहे. त्यांच्यासाठी लागतात माणसे, मीटर आणि दरवर्षीचा महसुली खर्च. त्यावर कोनशिला बसत नाही, म्हणून अंदाजपत्रकात भांडवली कामांचा नंबर आधी लागतो आणि ‘बरोबरीचे’ गळतीचे काम मागे पडते.

तेव्हा क्रम असा असावा: आधी प्रत्येक विभागाच्या तोंडाशी मोजणी, मग गल्लीतल्या जोडण्या, मग झोपडपट्टीचे 45 लिटरचे माप रद्द. एवढे करूनही तूट उरली तर गारगाईचा प्रस्ताव पुन्हा आणावा, आणि त्या वेळी तो किती तुटीसाठी आहे हे विभागवार आकड्यांनिशी सांगावे.