कमरेचें शस्त्र

कळमन्याच्या बाजारांत भल्या पहांटे गेलें, म्हणजे संत्र्यांच्या राशींपाशीं आणि मिरचीच्या पोत्यांपाशीं चाललेली बोली ऐकण्यासारखी असते. पण श्रोतेहो, आज मला आपलें लक्ष त्या बोलीकडे नव्हे, तर तेथें येणाऱ्या माणसांच्या हातांकडे वेधावयाचें आहे. नागपूरच्या या गजबजलेल्या पेठेंत शिरतांना खेड्यांतून आलेला एखादा वृद्ध शेतकरी सहज कमरेशीं हात नेतो, बंडीवरून चांचपून पाहतो आणि मगच गर्दींत पाऊल टाकतो. त्याच्या बंडीला आंतून खिसा असतो. त्याच्या आजाच्या कमरेला वसणी असे. रुपये भरलेली ती लांबट पिशवी धोतराखालीं अंगाशीं घट्ट बांधलेली असावयाची. ती चालतांना वाजूं नये, बसतांना रुतूं नये, आणि चोराला दिसूं नये, पण धन्याच्या हाताला मात्र अंधारांतहि सांपडावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असे.

पैसा आणि शस्त्र या दोन वस्तू मनुष्य फार पूर्वींपासून एकाच ठिकाणीं बाळगीत आला आहे, आणि दोहोंबद्दलची त्याची काळजीहि एकाच जातीची आहे. आजचा विषय त्यांतील दुसऱ्या वस्तूचा. जवळ बाळगावयाचें लहान शस्त्र अंगावर कोठें आणि कशांत ठेवावें, या प्रश्नालाहि एक इतिहास आहे. तरवारीच्या पोलादाबद्दल आपण पुष्कळ ऐकतों. म्यानाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक शस्त्र हातांत असतें तें घटकाभर. कमरेला मात्र तें दिवसभर असतें.

मराठेशाहींतील पुरुषाच्या पोषाखांत या प्रश्नाचें उत्तर आयतेंच होतें. अंगरखा किंवा जामा घातला, कीं त्यावर कमरेला शेला अथवा दुपेटा गुंडाळावयाचा. या कापडाचे पदरावर पदर बसत आणि त्यांतच कट्यार खोंवली जाई. कट्यारीची घडण पाहिली, म्हणजे ती याच जागेसाठीं घडविली आहे हें ध्यानांत येतें. इतर खंजिरांची मूठ पात्याच्या रेषेंत असते. कट्यारीला दोन समांतर दांड्या आणि त्यांच्यामध्यें आडवी पकड असते. त्यामुळें मूठ व पातें दोन्हीं एका पातळींत सपाट राहतात आणि पोटाला टोंचत नाहींत. तिच्या म्यानाला टांगण्याच्या कड्या बहुधा नसतातच. त्या हव्यात कशाला? शेल्याचे वेढे तिला आवळून धरीत. किंचित् तिरपी खोंवली, कीं मांडी घालून बसतांनाहि अडचण होत नसे, आणि कापडाच्या घडीची गादी मध्यें असल्यामुळें धातु अंगाला लागत नसे.

खर्चाच्या बाजूनेंहि ही व्यवस्था उत्तम होती. शेला कमरेला लागेच. शस्त्र बाळगण्यासाठीं निराळी दमडी मोडावी लागत नसे. सामान्य शिपायाचें म्यान लांकडाचें व वरून कातडें चढविलेलें असे. सरदाराच्या म्यानावर मखमल चढे आणि टोंकाला चांदीचें टोपण बसे. आंतील लांकूड मात्र दोघांचेंहि सारखेंच, आणि पात्याला गंजापासून जपण्याचें काम तेंच लांकूड करी.

ज्यांच्या पोषाखांत शेल्याला हें स्थान नव्हतें, त्यांनीं दुसरी युक्ति काढली होती. नागपूरकर भोसल्यांच्या पदरीं अरब शिपाई पुष्कळ होते. नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीच्या टेंकडीवर आणि पुढें डिसेंबरांत नागपूर शहराच्या वेढ्यांत इंग्रजांना जो कडवा प्रतिकार झाला, त्यांत या अरबांचा वांटा मोठा होता. अरबांचें आवडतें शस्त्र जंबिया. त्याचें म्यान रुंद पट्ट्यालाच कायमचें जोडलेलें असतें आणि बरोबर पोटाच्या मध्यावर उभें राहतें. तेथें तें हालत नाहीं. धांवतांना मांडीवर आपटत नाहीं. उजव्या-डाव्या कोणत्याहि हाताला तें सारखेंच जवळ. मात्र असें शस्त्र लपवितां येत नाहीं, आणि तें लपवावें अशी त्याच्या धन्याची इच्छाहि नसते.

येथें आपण मुद्द्याशीं आलों. कट्यार काय, जंबिया काय, हीं दाखवावयाचीं शस्त्रें होतीं. कमरेला कट्यार असणें हें घरंदाजपणाचें लक्षण होतें. राजानें मानाचीं वस्त्रें देतांना सोबत रत्नजडित कट्यार द्यावी, यांतहि हाच अर्थ असे. जें शस्त्र सर्वांना दिसतें तें समोरच्याला एक प्रकारें सावध करीत असतें. लपविलेल्या शस्त्राची जात निराळी. जेथें विश्वास संपतो तेथें त्याचा जन्म होतो.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मराठी मुलाला पाळण्यांतच ऐकावयास मिळतें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली. राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत वाघनख आणि बिचवा या दोन्हीं शस्त्रांचा उल्लेख येतो. परमानंदाच्या शिवभारतांत मात्र महाराजांच्या हातीं तरवार आहे. कोणतें वर्णन अधिक खरें, हा वाद मी येथें उकरून काढीत नाहीं. माझें कुतूहल निराळें आहे. ज्यांनीं वाघनखांची व बिचव्याची हकीकत सांगितली, त्यांना हीं शस्त्रें अंगावर कोठें राहतात याची पक्की जाण होती. वाघनख ही एक आडवी पोलादी पट्टी. तिला बोटांत घालावयाच्या अंगठ्या आणि खालच्या बाजूला वांकडे नखर. हात मिटला, कीं नखर तळहातांत नाहींसे होतात, आणि बाहेरून दिसल्याच तर दोन अंगठ्या दिसतात. या शस्त्राला म्यान नाहीं, कारण मूठ हेंच त्याचें म्यान. बिचव्याचें पातें दुहेरी वळणाचें, विंचवाच्या नांगीसारखें, म्हणून त्याचें हें नांव. त्याची मूठ म्हणजे बोटें शिरतील एवढा एक कडीवजा वेढा. जाडी नाहींच. बाहीच्या आंत मनगटाशीं तो लपून राहतो. अंगांत चिलखत, त्यावर सैल झगा, डोक्याला मंदिलाखालीं पोलादी टोप, असा सारा बंदोबस्त कपड्यांच्या आंत करावा लागला. कारण भेट निःशस्त्र असल्याचा देखावा दोन्हीं बाजूंना करावयाचा होता. सभासदाच्या सांगण्याप्रमाणें खानानेंहि आलिंगनाच्या मिषानें जमदाड चालविलीच. ती चिलखतावर घसरली.

लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत जीं वाघनखें आहेत, तीं साताऱ्याचा रेसिडेंट व मराठ्यांचा इतिहासकार जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तेथें गेलीं. महाराजांनीं वापरलीं तीं हींच काय, हें सिद्ध करतां येत नाहीं, असें तें संग्रहालय स्वतःच सांगतें. २०२४ सालीं तीं उसनवार महाराष्ट्रांत आलीं, प्रथम साताऱ्यास, आणि २०२५ मध्यें नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांत, म्हणजे आपल्या अजबबंगल्यांत, ठेवण्यांत आलीं. कांचेपलीकडील ती वस्तु इतकी लहान, कीं भव्य कल्पना करून गेलेल्या माणसानें क्षणभर बुचकळ्यांतच पडावें. पण तिचें सामर्थ्य त्या लहानपणांतच आहे.

पुढें बारुदीचें शस्त्र आलें आणि प्रश्न अवघड झाला. पिस्तूल जड असतें, आणि त्याचें वजन एकाच बाजूला लोंबतें. घोडेस्वार आपल्या पिस्तुलांची जोडी अंगावर न बाळगतां खोगिराच्या पुढच्या बाजूस कातडी पिशव्यांत ठेवी. युरोपांत या पिशवीचेंच नांव होल्स्टर. ती पिशवी घोड्यावरून उतरून माणसाच्या कमरेला आली, ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकांत, रिव्हॉल्व्हराबरोबर.

या स्थलांतरांत हिंदुस्थानचाहि हात आहे. हात म्हणण्यापेक्षां तुटलेला हात म्हणावें. सॅम ब्राऊन नांवाचा पंजाब घोडदळाचा एक इंग्रज अधिकारी १८५८ च्या ऑगस्टअखेर पिलिभीतजवळच्या लढाईंत डावा हात खांद्यापासून गमावून बसला. त्या काळचें तरवारीचें म्यान पट्ट्याला दोऱ्यांनीं लोंबकळत असे. डाव्या हातानें तें धरल्याखेरीज उजव्या हातानें तरवार उपसतां येत नसे. ब्राऊननें कमरेचा रुंद पट्टा आणि उजव्या खांद्यावरून तिरपा येणारा दुसरा पट्टा अशी योजना केली. तरवार एका जागीं स्थिर झाली, दुसऱ्या बाजूला पिस्तुलाचें होल्स्टर आलें, आणि कमरेवरचा भार खांद्यानें वांटून घेतला. एका पंगु माणसाची ही सोय पुढें जगांतील कित्येक सैन्यांच्या गणवेषांत गेली.

परंतु ती सोय अधिकाऱ्याची होती, आणि उघड्यावर शस्त्र मिरविणाऱ्याची. येथील सामान्य प्रजेला १८७८ च्या शस्त्रकायद्यानें परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. लॉर्ड लिटनच्या त्या कायद्यांतून युरोपियनांना सूट होती, हें विशेष बोंचणारें होतें. दसऱ्याला जुनीं शस्त्रें पूजेंत मांडणारीं घरें होतीं. पण कमरेची जागा मोकळी पडली. पोषाखहि बदलत होता. कोट आला, शेला गेला. आतां ज्याला शस्त्र बाळगावयाचें, त्याला तें लपविणें भागच झालें. गुप्तीला महत्त्व आलें तें असेंच. वरून पाहिलें तर हातांत फिरावयाची काठी. आंत तरवारीचें पातें. म्यानालाच काठीचें रूप दिल्यामुळें ती अंगावर बाळगण्याचा प्रश्नच मिटला.

लपविण्याची अडचण किती खरी होती, हें २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर दिसतें. प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड याचा वध करण्यास निघालेले दामोदर व बाळकृष्ण चापेकर हे बंधु पिस्तुलें तर घेऊन निघालेच, पण तरवारीहि बरोबर होत्या आणि बाळकृष्णापाशीं कुऱ्हाडहि होती. दामोदरपंतांनीं आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे, कीं हीं लांब हत्यारें घेऊन धांवतां येईना. तेव्हां त्यांनीं तीं जवळच एका दगडी मोरीखालीं ठेवून दिलीं. कामास आलीं तीं पिस्तुलें. इतिहासाला वळण देणाऱ्या रात्रींहि माणसाला प्रथम हा विचार करावा लागला, कीं हें ओझें अंगावर घेऊन मला धांवतां येईल काय.

बारा वर्षांनीं, २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशकास विजयानंद नाटकगृहांत अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलानें. सावरकरांनीं लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें पेटीच्या दुहेरी तळांत दडवून चतुर्भुज अमीन यांच्याकरवीं पाठविलीं होतीं. हें पिस्तूल निवडण्यांतहि एक मर्म होतें. रिव्हॉल्व्हरांत गोळ्यांचें फिरतें नळकांडें मध्यें फुगलेलें असतें आणि कपड्यावर तो उंचवटा उठून दिसतो. ब्राउनिंगांत गोळ्या मुठीच्या आंत एकावर एक बसतात, म्हणून तें चपटें असतें. कट्यारीचा सपाटपणा कारागिरांना पुन्हां एकदां सांपडला होता, फक्त या वेळीं तो लपविण्यासाठीं होता.

नागपूरच्या इतिहासांत याच्या अगदीं उलट दिशेचा एक प्रसंग आहे. १९२७ सालीं येथील काँग्रेस कार्यकर्ते मंचरशा आवारी, ज्यांना लोक जनरल आवारी म्हणत, यांनीं शस्त्रकायद्याविरुद्ध सत्याग्रह पुकारला. त्यांचे स्वयंसेवक हातांत तरवारी घेऊन भररस्त्यानें उघडपणें निघत आणि पकडले जात. आवारींना तुरुंगवास झाला. तेथें त्यांनीं दीर्घ उपोषणहि केलें. गांधीजींना ही चळवळ पटली नाहीं. सविनय कायदेभंग आणि हातांतील शस्त्र यांचा मेळ बसत नाहीं, असें त्यांचें मत होतें. तात्त्विक दृष्ट्या तें बरोबर असेल. तरीहि मला आवारींच्या त्या तरवारींत एक निराळाच अर्थ दिसतो. कोणावरहि वार करण्यासाठीं त्या बाहेर काढल्या नव्हत्या. जी वस्तु पन्नास वर्षें लपवावी लागली, ती एकदां भर उन्हांत सर्वांना दिसावी, एवढ्यासाठींच त्या होत्या.

स्वराज्यांत १९५९ सालीं जुन्या कायद्याच्या जागीं नवा शस्त्रकायदा आला. वर्णभेद अर्थातच राहिला नाहीं. परवान्याची अट राहिली. आणि २०१६ च्या शस्त्रनियमांनीं तर जुनी रीत पार उलटी केली. परवानाधारकानें पिस्तूल सार्वजनिक ठिकाणीं न्यावयाचें असेल, तर तें अंगाला जोडलेल्या होल्स्टरांत किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या साधनांत असावें, पूर्णपणें झांकलेलें असावें, आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यांत असावें. एके काळीं झांकलेलें शस्त्र हें कपटाचें चिन्ह होतें. आतां शस्त्र झांकणें हें सभ्य नागरिकाचें कर्तव्य ठरलें आहे, आणि तें मिरविणारा गुन्हेगार. मला हा बदल योग्यच वाटतो. ज्या बाजारांत दहा हजार माणसें एकमेकांना घांसून चालतात, तेथें प्रत्येकाच्या कमरेचें शस्त्र दुसऱ्याला दिसूं लागलें, तर भावाची बोली करावयास कोण उभा राहील?

मात्र त्यामुळें सोयीचा आणि किंमतीचा जुना प्रश्न नव्यानें उभा राहिला. २०१४ सालीं कानपूरच्या सरकारी कारखान्यानें स्त्रियांसाठीं म्हणून ‘निर्भीक’ नांवाचें रिव्हॉल्व्हर काढलें. वजन सुमारें अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. दागिन्यांच्या पेटीसारख्या पेटींत घालून तें देत असत. पर्समध्यें मावेल असें तें हलकें होतें, हें खरें. पण पर्स खांद्यावरून हिसकावली जाते. कमरेचें तसें नाहीं, हें आमच्या आज्यांना वसणीमुळें ठाऊक होतें.

आणि कमरेलाच बांधावयाचें म्हटलें, तर नागपूरचा वैशाख आडवा येतो. पारा पंचेचाळीस अंशांवर गेला, कीं कोट घालवत नाहीं, आणि झांकण्यासाठीं सदरा सैल सोडावा लागतो. पट्ट्याच्या आंत खोंवलेलें कातडें घामानें भिजतें, बसतांना कुशींत रुततें, आणि ओलें राहिलें तर आंतील पोलादाला गंज चढतो. चार पदरी सुती शेल्याला हा त्रास कधीं ठाऊकच नव्हता. संध्याकाळीं सोडला, धुतला, आणि सकाळीं पुन्हां कमरेला गुंडाळला.