प्रौढ वयात गिटार शिकून लोकांसमोर गायचे कसे?

ऑफिसमधून आल्यावर रोज अर्धा तास गिटार घेऊन बसणारी व्यक्ती घरात एखादे गाणे छान म्हणते. तेच गाणे सोसायटीच्या गणपतीत म्हणायला उभी राहिली की दुसऱ्याच ओळीला बोटे अडखळतात, लय पळते, शब्द आठवत नाहीत. खाली उतरल्यावर ‘हे शिकायचे आपले वय राहिले नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि गिटार कपाटावर जाते.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. गिटार वाजवणे, गाणे, दोन्ही एकाच वेळी करणे आणि ते लोकांसमोर करणे ही चार वेगवेगळी कौशल्ये आहेत. नवखे लोक पहिल्या दोनांचा सराव करतात आणि उरलेली दोन आपोआप येतील असे धरून चालतात. ती आपोआप येत नाहीत, पण शिकता मात्र येतात.

वय आड येते का?

लहान मुलांकडे वेळ जास्त असतो आणि चुकण्याची लाज कमी असते. प्रौढांची अडचण याच्या उलट. शिवाय चाळीस वर्षे चांगले संगीत ऐकून कान तयार झालेला असतो, हात मात्र कोरा असतो. त्यामुळे स्वतःचे वाजवणे फारच वाईट वाटते.

न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर गिटार शिकायला घेतली. मुलांच्या संगीत शिबिरात जाऊन त्यांनी मुलांबरोबर बँडमध्येही वाजवले. या अनुभवावर आणि त्यामागच्या मेंदूविज्ञानावर त्यांचे ‘गिटार झीरो’ हे पुस्तक 2012 मध्ये आले. शिकण्याची खिडकी ठरावीक वयात कायमची बंद होते, हा समज त्यांना पटला नाही. प्रौढांनाही शिकता येते. त्यासाठी सराव मात्र नियमित हवा.

नियमित म्हणजे किती? रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची 20 ते 30 मिनिटे जास्त उपयोगी पडतात. स्टीलच्या तारांनी सुरुवातीचे काही आठवडे बोटांची टोके दुखतात, मग तिथली कातडी घट्ट होते. हे दुखणे साहजिक आहे. मनगट किंवा कोपर दुखत असेल तर मात्र थांबा आणि बसण्याची व हात धरण्याची पद्धत शिक्षकांना दाखवा. तारा फार उंच असतील तर दुकानात त्या खाली करून मिळतात. पातळ तारांचा संच लावला तरी दाबायला जोर कमी लागतो.

किती कॉर्ड पुरतात?

एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर म्हणजे कॉर्ड. सुरुवातीला जी, सी, डी आणि ई मायनर या चार कॉर्ड शिका, त्यांना नंतर ए जोडा. एवढ्यावर असंख्य साधी गाणी निघतात. पहिल्याच महिन्यात एफ या कॉर्डशी झुंजू नका. त्यात एकच बोट अनेक तारांवर दाबावे लागते आणि कित्येकांचा उत्साह तिथेच संपतो.

खरी कसोटी कॉर्ड धरण्याची नसते, ती न थांबता बदलण्याची असते. घड्याळ लावा आणि एका मिनिटात जी वरून सी वर किती वेळा स्वच्छ जाता येते ते मोजा. रोज एक जोडी घ्या, आकडा लिहून ठेवा. मिनिटाला 30 बदल होऊ लागले की ती जोडी मध्यम लयीच्या गाण्यात वापरायला तयार झाली, असे समजायला हरकत नाही.

गाणे निवडताना आवड आणि सोपेपणा दोन्ही पाहा. रागाच्या अंगाने जाणारी, ताना-मुरक्यांनी भरलेली भावगीते ऐकायला सुंदर असली तरी त्यांना कॉर्ड लावणे कठीण असते. ज्यात कॉर्ड दोन-चार मात्रा टिकते आणि चाल ठरावीक आहे, असे गाणे पहिल्यासाठी बरे.

तुमची पट्टी कोणती?

नवखे लोक गायला लागल्यावर आवाज चिरकतो किंवा बसतो, याचे एक मोठे कारण म्हणजे मूळ गायकाच्या पट्टीत गाण्याचा हट्ट. स्त्रीने गायलेले गाणे पुरुषाला किंवा उलट घ्यायचे असेल तर पट्टी बहुधा बदलावीच लागते.

आधी गिटार बाजूला ठेवा. गाण्यातली सर्वांत उंच ओळ शोधा. ती ओळ न ओरडता, सलग तीन वेळा म्हणता येईल अशा उंचीवर गाणे धरा. मग हार्मोनियमवर किंवा मोबाइलमधल्या ट्यूनरवर तुमचा सा कुठे येतो ते पाहा. घरात जमणाऱ्या कमाल उंचीपेक्षा एक-दोन सूर खालीच राहा, कारण लोकांसमोर श्वास आखूड होतो.

आता कॅपो कामाला येतो. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा. तो एक फ्रेट वर सरकवला की सगळे सूर अर्ध्या स्वराने चढतात आणि बोटांचे आकार तेच राहतात. हार्मोनियमच्या भाषेत त्याचा हिशेब असा:

- जी, सी, डी हे आकार वापरा. कॅपो नसताना पांढरी पाच, पहिल्या फ्रेटवर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच, चौथ्यावर पांढरी सात, पाचव्यावर पांढरी एक, सहाव्यावर काळी एक.
- डी, जी, ए हे आकार वापरा. कॅपो नसताना पांढरी दोन, पहिल्या फ्रेटवर काळी दोन, दुसऱ्यावर पांढरी तीन, तिसऱ्यावर पांढरी चार, चौथ्यावर काळी तीन.

म्हणजे चार-पाच सोप्या आकारांत बाराही पट्ट्या हाताशी येतात. हा हिशेब मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराच्या गाण्यांसाठी आहे. कोमल गंधाराच्या साध्या गाण्यांसाठी ई मायनरला सा मानून तेच आकार फिरवून पाहा. कॅपो लावला की तारा किंचित ताणल्या जातात, म्हणून नंतर सूर पुन्हा तपासा.

वाजवणे आणि गाणे एकत्र का जमत नाही?

कारण दोन्ही कामे लक्ष मागतात आणि लक्ष एकच असते. यातले एक काम लक्ष न देता होऊ लागले, तरच दुसरे करता येते. सायकल चालवताना गप्पा मारता येतात, पण सायकल शिकताना येत नाहीत, तसेच हे आहे. म्हणून आधी हात सवयीचा करायचा. पायऱ्या अशा:

1. फक्त वाजवा. मेट्रोनोम किंवा तालाचे ॲप लावून पूर्ण गाणे न थांबता वाजवा. हात झोक्यासारखा खाली-वर हलत राहिला पाहिजे, तारेला लागो वा न लागो.
2. वाजवता वाजवता बोला. घरच्यांशी साधे बोला किंवा वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. लय टिकली तर हात तयार आहे.
3. प्रत्येक कॉर्डला एकच फटका मारा आणि त्यावर गा. कागदावर ज्या अक्षरावर कॉर्ड बदलते त्या अक्षराखाली खूण करा. अनेकदा ती शब्दाच्या सुरुवातीला नसते, मध्येच असते. गोंधळ होतो तो तिथेच.
4. गाण्याचे शब्द सुरात न म्हणता लयीत बोला आणि पूर्ण स्ट्रमिंग करा.
5. आता सुरात गा. अडले तर पुन्हा एक पायरी खाली या.

केरवा आठ मात्रांचा आणि दादरा सहा मात्रांचा. गाणे कशात आहे हे टाळी देऊन ओळखा आणि त्या मापाचा सगळ्यांत सोपा हात निवडा. साधा हात लयीत असेल तर ऐकणाऱ्याला तो साधा वाटतही नाही.

लोकांसमोर उभे राहिल्यावर काय होते?

शरीरात ॲड्रेनलिन वाढते. हृदय जोरात धडधडते, तोंड कोरडे पडते, हात थरथरतात आणि लय नकळत वाढते. हे दुर्बळतेचे लक्षण नाही, अनुभवी कलाकारांनाही होते.

कॅनडाचे कवी लिओनार्ड कोहेन यांचे उदाहरण बोलके आहे. दोन कादंबऱ्या आणि अनेक कवितासंग्रह नावावर असलेले कोहेन गायक म्हणून पुढे आले ते तिशी ओलांडल्यावर. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कार्यक्रमात ते स्वतःचे गाणे अर्ध्यावर सोडून आत निघून गेले. प्रेक्षकांनी पुन्हा बोलावले, गायिका ज्युडी कॉलिन्स त्यांच्यासोबत रंगमंचावर आल्या आणि गाणे पूर्ण झाले. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांचा पहिला अल्बम निघाला. पुढे 2011 मध्ये स्पेनमध्ये पुरस्कार स्वीकारताना त्यांनी सांगितले, की तरुणपणी एका स्पॅनिश मुलाकडून शिकलेल्या सहा कॉर्ड हाच आपल्या गाण्यांचा पाया होता. त्या दिवशी कमी पडल्या त्या कॉर्ड नव्हत्या. लोकांसमोर उभे राहण्याची सवय नव्हती.

भीतीवर ‘शांत हो’ हा सल्ला फारसा चालत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोकांना कराओकेवर गायला लावले. गाण्याआधी ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणणाऱ्यांचे गाणे ‘मी घाबरलो आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा अचूक झाले. धडधड तीच, तिला दिलेले नाव वेगळे.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे प्रसंगाचाच सराव. कार्यक्रमात उभे राहून गायचे असेल तर घरीही पट्टा लावून उभे राहूनच गा. दिवसातून एकदा, कसलीही तयारी न करता, एकच प्रयत्न मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मध्ये काहीही चुकले तरी थांबू नका. मग एका माणसासमोर, मग चार जणांसमोर. सुरू करण्याआधी पहिली ओळ मनात म्हणून लय पकडा आणि वाटते त्यापेक्षा किंचित संथ सुरुवात करा.

मध्येच चुकले तर?

चुकणार आहेच, म्हणून चुकल्यावर काय करायचे याचाही सराव करा.

- कॉर्ड चुकली, तर डावा हात तारांवर सैल ठेवून उजवा हात चालू ठेवा आणि पुढच्या कॉर्डला पकडा.
- शब्द विसरला, तर आधीची ओळ पुन्हा म्हणा किंवा तेवढ्या मात्रा नुसते वाजवा. समोर कागद ठेवण्यात कमीपणा नाही.
- गाणे पहिल्यापासून सुरू करू नका, माफी मागू नका. लय चालू राहिली तर बहुतेक चुका श्रोत्यांच्या लक्षातही येत नाहीत. थांबलेले मात्र सगळ्यांना कळते.

माइक आणि साउंड

सोसायटीच्या किंवा मंडळाच्या कार्यक्रमात बहुधा हातात धरायचा माइक असतो. तुमचे दोन्ही हात गिटारवर असणार, म्हणून माइकचा स्टँड आहे का हे साउंडवाल्याला आदल्या दिवशीच विचारा. गिटारला पिकअप असेल तर वायर लागेल. वायर लावताना-काढताना आवाज बंद ठेवायला सांगा, नाहीतर मोठा ठोका येतो. पिकअप नसेल तर दुसरा माइक बाराव्या फ्रेटच्या समोर, वीतभर अंतरावर लावा. भोकासमोर लावला तर आवाज घुमतो.

गाण्याचा माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर ठेवा. माइकचे तोंड स्पीकरकडे नको, शिट्टी वाजते. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसेल तर ते गाण्याआधीच सांगा. आवाज ऐकू न आल्याने माणूस ओरडून गातो आणि बेसूर होतो. गिटार स्टेजवर जाण्याच्या लगेच आधी पुन्हा जुळवा. मंडपातल्या उकाड्याने किंवा एसीच्या गारव्याने सूर उतरतात-चढतात.

पहिले गाणे कुठे म्हणावे?

जिथे एकच गाणे म्हणून खाली बसता येते, अशा ठिकाणी. कोजागिरीची गच्ची, ऑफिसमधला निरोप समारंभ, गणपतीतला हौशी कलाकारांचा कार्यक्रम, पुण्या-मुंबईच्या कॅफेतील ओपन माइक. पहिल्या वेळी सोबत कुणी असेल तर उत्तम. एकाने गावे, दुसऱ्याने वाजवावे, किंवा मैत्रिणीने नुसता ताल धरावा. पूर्ण पाठ असलेले एक गाणे अर्ध्या पाठ पाच गाण्यांपेक्षा बरे.

‘नीट यायला लागले की मग लोकांसमोर’ असे ठरवले तर ते ‘नीट’ कधी येत नाही, कारण लोकांसमोर गाणे हा शिकण्याचाच भाग आहे. चार कॉर्ड, तुमच्या पट्टीतले एक गाणे आणि न थांबता गेलेली तीन मिनिटे एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या गाण्यानंतर काय चुकले ते त्याच रात्री लिहून ठेवा, आणि पुढच्या गाण्याची तारीखही.