सोनगड : वाटेवरचे विस्मरण

सुरतेचा विषय निघाला की आम्हां मराठी मंडळींना १६६४ आणि १६७० ही दोन सालेच आठवतात. गायकवाडांचा निघाला की आम्ही बडोद्याकडे बोट दाखवतो. परंतु त्या घराण्याचे पहिले ठाणे तापीच्या खोऱ्यात, सोनगडच्या डोंगरी किल्ल्यावर होते. पिलाजीरावांनी तो १७१९ मध्ये भिल्लांकडून घेतला. पुढे १७६६ मध्ये दमाजीरावांनी राजधानी पाटणला हलवली आणि सोनगड मागे पडले. २००७ पर्यंत सुरत जिल्ह्यात असलेले हे गाव आता तापी जिल्ह्यात मोडते.

खानदेशातील मूळ गावी जाताना आमची गाडी सोनगडावरूनच जाते. आम्ही मात्र उतरत नाही. गडावरून उकाईचा जलाशय दिसतो. १९७२ मध्ये पुरे झालेल्या त्या धरणाच्या पाण्याखाली कितीतरी आदिवासी गावे गेली.

आम्ही येथे कधी आलो, हे मुलांना अभिमानाने सांगतो. आमच्या आधी येथे कोण होते, हेही सांगायला हवे. त्यासाठी सोनगडच्या पायऱ्यांइतकी योग्य जागा दुसरी नाही.